‘भूऔष्णिक’ संज्ञा : एक आक्षेप

‘भूऔष्णिक’ ही एकच संज्ञा दोन भिन्न गोष्टींस लावली जाते. गणेशपुरी-अकलोलीच्या कुंडांतील ऊन पाण्यात पृथ्वीच्या अंतर्भागाची उष्णता आहे. कोकणात अशा झऱ्यास ‘उन्हाळे’ हे नेमके नाव आहे. घर उबदार वा थंड राखणारा उष्णतापंप मात्र काही मीटर खोलीवरील जमिनीच्या स्थिर तापमानाचा आश्रय घेतो. ते तापमान त्या स्थळाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते. स्वीडनच्या हिवाळ्यात त्यातून ऊब मिळते. मुलुंड-बोरिवलीत ही सरासरी सुमारे २७ अंश सेल्सियस, आणि ऊब मागणारा हिवाळा नाही. जमिनीत सोडलेली उष्णता साचतच जाते. संज्ञेने हा भेद झाकला, तर गृहस्थ कुंडाच्या भरवशावर कूपनलिका खणील. या पंपास ‘भूविनिमय-पंप’ म्हणावे. देणे व घेणे दोन्ही हवे, हे त्या शब्दातच येते.