इंजेक्टर क्लीनरच्या बाटलीचे वाचन

आळेफाट्याहून नगरकडे निघाले की बेल्हे, गुळुंचवाडी मागे पडते, आणे घाट लागतो आणि घाट चढून गेले की पठारावरचे आणे गाव येते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषण-निकष लागू झाले. नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला, त्याच्या जागी इंधन फवारणारा इंजेक्टर आला. त्यामुळे इंजेक्टर क्लीनरची बाटली आता मोटारमालकांपुरती राहिलेली नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची गाडी या घाटात दम सोडू लागली. दुकानदाराने त्याला अशी बाटली दिली. फरक शून्य. शेवटी धुळीने गच्च भरलेला एअर फिल्टर बदलला, तेव्हा गाडी सुधारली. रिकामी बाटली माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, “सर, यात असते तरी काय?”

बाटलीवरचा मजकूर मी दोनदा वाचला. मायलेज वाढेल, पिकअप सुधारेल, धूर कमी होईल, टाकीतले पाणी निघून जाईल. क्रियापदे भरपूर, नामे जवळजवळ नाहीत! पदार्थाचे नाव म्हणून एकच उल्लेख होता, ‘पेट्रोलियम डिस्टिलेट’. रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत एवढेच लिहिणाऱ्या मुलाला आपण किती गुण देऊ?

आधी मळ कशाचा, ते पाहू. इंजिन बंद केल्यावर इंजेक्टरच्या टोकाशी पेट्रोलचा पातळ थर राहतो. गरम इंजिनाच्या धगीने त्यातले हलके घटक उडून जातात. मागे राहिलेल्या घटकांपैकी ज्यांच्या रेणूंत दुहेरी बंध असतात, त्यांचा ऑक्सिजनशी संयोग होतो, ते एकमेकांना जोडले जातात आणि चिकट, पुढे कडक होणारा थर जमतो. छिद्रे मुळातच बारीक. थोडा थर बसला तरी फवारा बिघडतो. तेव्हा दुखणे काल्पनिक नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत इंजेक्टरच्या गाड्या वाढल्या, तशी ही तक्रार तिथे मोठ्या प्रमाणावर पुढे आली. १९९५ पासून तर तिथल्या सर्व पेट्रोलमध्ये मळ रोखणारे द्रव्य घालणे कायद्याने बंधनकारक झाले.

हे द्रव्य म्हणजे साबणाचाच भाऊबंद, पण काम उलट्या बाजूने करणारा. कपडे धुताना साबणाच्या रेणूची लांब शेपटी तेलकट मळात शिरते आणि डोके पाण्यात राहते. इथे भोवती पाणी नाही, पेट्रोल आहे. म्हणून नायट्रोजनयुक्त ध्रुवीय डोके मळाला चिकटते आणि हायड्रोकार्बनची शेपटी पेट्रोलमध्ये राहून मळाचे कण सुटे करते. पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन आणि पॉलिइथर अमाइन ही यातली दोन प्रमुख नावे. दुसऱ्याच्या शेपटीत ऑक्सिजनचेही अणू असतात. ते ज्वलनकक्षात अधिक स्वच्छ जळते आणि म्हणून सरस मानले जाते. नववी-दहावीला साबण शिकवताना ही तुलना जरूर सांगावी.

मग बाटलीत बाकी काय असते? मुख्यतः द्रावक. अनेक क्लीनरच्या सुरक्षा-माहितीपत्रकांत ८००८-२०-६ किंवा ६४७४२-४७-८ असे सीएएस क्रमांक सापडतात. हे क्रमांक जगभर एकच असतात. पहिला आहे केरोसीनचा, म्हणजे आपल्या रॉकेलचा. दुसरा हायड्रोजनची प्रक्रिया केलेल्या, त्याच जातीच्या हलक्या तेलाचा.

रॉकेल या शब्दाशी महाराष्ट्राची एक कडू आठवण जोडलेली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळीचा प्रकार पाहून थांबलेले अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळून मारण्यात आले. टँकरमधून आले तर भेसळ आणि बाटलीतून आले तर औषध, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरून हिशेब करू. समजा बाटली ३०० मिलिलिटरची आहे आणि तिच्यात ९० टक्के द्रावक आहे. ४० लिटरच्या टाकीत ते २७० मिलिलिटर, म्हणजे ०.७ टक्क्याहून कमी. एवढ्याने इंजिन बिघडणार नाही. पण एवढ्याने काही धुतलेही जाणार नाही. चाळीस लिटर पेट्रोल हेच मुळी चांगले द्रावक आहे; त्यात न विरघळलेला थर या चमचाभर तेलाने कसा विरघळावा? जे काय काम व्हायचे ते उरलेल्या ३० मिलिलिटरने. तिथे खरोखर पॉलिइथर अमाइन असेल, तर ते पेट्रोलच्या दहा लाख भागांत सुमारे ७५० भाग होते आणि ही मात्रा क्षुल्लक नव्हे. बाटली नेमके हेच सांगत नाही.

पाणी काढण्याच्या दाव्यामागे बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा तत्सम पाण्यात मिसळणारा द्रव असतो. २०२५ पासून आपल्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. चाळीस लिटरच्या टाकीत आठ लिटर अल्कोहोल आधीच असताना बाटलीतले थेंब कशासाठी? हा दावा मला सर्वांत पोकळ वाटतो.

वर्गासाठी एक प्रयोग. तो शिक्षकानेच, उघड्या हवेत, जवळपास ज्योत नसताना करावा. पंपावर भेसळ पाहण्यासाठी गाळणकागदावर पेट्रोलचा थेंब टाकतात. शुद्ध असेल तर तो डाग न ठेवता उडतो. शेजारी क्लीनरचा थेंब टाका. त्याचा तेलकट डाग रेंगाळतो. मुले लगेच म्हणतील, “हेच ते औषध!” तेव्हा त्यांना थांबवावे, कारण नुसते रॉकेलही पेट्रोलच्या मानाने फार सावकाश उडते. डाग पाहून दोन्हींत फरक करता येत नाही. त्यासाठी माहितीपत्रकच लागते.

आमच्या नववीच्या मुलांनी त्या बाटलीवरच्या पत्त्यावर पत्र टाकले आहे. प्रश्न दोनच विचारले आहेत : मळ सोडवणाऱ्या द्रव्याचे नाव काय, आणि ते शेकडा किती?