अलंकार कीं वेषांतर?

अक्षर सजवावेंसें वाटणें हा कांहीं दोष नव्हे. पोथीच्या पहिल्या पानावर वेलबुट्टी काढणारा लेखक, वळणदार अक्षरासाठीं कित्ता गिरविणारा विद्यार्थी आणि १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढून देवनागरीचे सुबक खिळे प्रचारांत आणणारे जावजी दादाजी हे सारे एकाच हौसेचे उपासक होत. तेव्हां संगणकावर व मोबाईलवर अक्षरें नटविण्याची जी टूम हल्लीं निघाली आहे, तिच्याकडे पाहून केवळ नवी म्हणून नाक मुरडणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. परंतु टीकाकारानें आधीं वस्तु काय आहे तें पाहावें, मग तिचें मोल करावें. आणि ही वस्तु जरा जवळून पाहिली म्हणजे असें दिसतें कीं, जिला लोक अलंकार म्हणतात तें वास्तविक वेषांतर आहे.

टूम अशी. साधा रोमन मजकूर एका चौकटींत लिहावा. लागलीच तो ठळक, तिरपा, जुन्या जर्मन वळणाचा, वर्तुळांत बसविलेला, किंबहुना खालीं डोकें वर पाय केलेला, अशा नाना रूपांनीं पुढें येतो. आवडेल तें रूप उचलून लोक आपल्या नांवांत, संदेशांत, निमंत्रणांत चिकटवितात. पाहणाऱ्यास वाटतें, अक्षरें तींच आहेत, फक्त खिळे बदलले. घोटाळा आहे तो येथेंच.

संगणक अक्षराचा आकार सांठवीत नाहीं. तो एक अंक सांठवितो, आणि आकार देण्याचें काम फॉन्टाचें असतें. जगांतील लिप्यांना असे अंक नेमून देणारी युनिकोड नांवाची जी पद्धति आहे, तिच्या २००१ सालच्या ३.१ या आवृत्तींत गणितज्ञांसाठीं एक स्वतंत्र वर्णसंच घालण्यांत आला. गणितांत साधा 'एच' आणि लपेटीचा 'एच' एकाच समीकरणांत दोन निरनिराळ्या गोष्टी दर्शवूं शकतात. तेथें वळण बदललें कीं अर्थ बदलतो. म्हणून प्रत्येक वळणास निराळा अंक देणें प्राप्त झालें. आज या संचांत ९९६ चिन्हें आहेत. तीं गणितासाठीं आहेत, साध्या मजकुराच्या सजावटीसाठीं नव्हेत, हें युनिकोडकर्त्यांनीं स्पष्ट केलेलें आहे. उलट्या मजकुरांतील पुष्कळशीं चिन्हें अशींच ध्वनिशास्त्राच्या वर्णमालेंतून उसनीं घेतलेलीं असतात. सारांश, हा कारखाना अक्षर सजवीत नाहीं. तें काढून टाकतो आणि त्याच्या जागीं त्याच्यासारखें दिसणारें दुसरेंच चिन्ह बसवितो.

याची गंमत पाहावयाची असेल तर गणिती तिरप्या संचांतील धाकटा 'एच' शोधावा. त्याची जागा रिकामी आहे! भौतिकशास्त्रांतील प्लांकच्या स्थिरांकासाठीं तसलेंच चिन्ह आधीं अन्यत्र नोंदलेलें होतें, म्हणून तें पुन्हां दिलें नाहीं. त्यामुळें या तिरप्या धाकट्या अक्षरांत कोणी इंग्रजी 'होप', म्हणजे आशा, हा शब्द लिहिला, तर त्या आशेचा आरंभ प्लांकच्या स्थिरांकानें होतो.

पण ही गंमत सर्वांच्याच वाट्यास येत नाहीं. आमचे एक दृष्टिहीन स्नेही आहेत. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या एका कार्यक्रमाच्या साह्यानें ते वाचतात, आणि आम्हां डोळसांहून अधिक वाचतात. त्यांच्या भाचीनें आपल्या लग्नाचें निमंत्रण रोमन अक्षरांत धाडलें व वधूवरांचीं नांवें जर्मन वळणानें नटविलीं. कार्यक्रमानें तीं नांवें वाचलींच नाहींत. एकेका अक्षराला 'मॅथेमॅटिकल बोल्ड फ्राक्टुर कॅपिटल' अशी लांबलचक पदवी लावीत तो चालला; मोबाईलवर तर तेवढी जागा तो मुकाट्यानें गाळून गेला. मुहूर्त व कार्यालय साध्या अक्षरांत होतें, तें कळलें. ज्याच्या लग्नाला जावयाचें त्या नवरदेवाचें नांव मात्र मामांना फोन करून विचारावें लागलें! भाचीचा हेतु निर्मळ होता. आपण मामांसाठीं दार लावून घेतलें आहे याची तिला कल्पनाही नव्हती. या टुमेचा खरा दोष तोच कीं, ती वापरणाऱ्यास तो दिसत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, यंत्रानेंच सुधारावें. यांत तथ्य आहे. या गणिती चिन्हांमागचें साधें अक्षर कोणतें, याची नोंद युनिकोडनेंच ठेविली आहे, आणि ती पाळणारा शोधक कार्यक्रम नटविलेला शब्दही हुडकून काढतो. पण सर्व कार्यक्रम ती पाळीत नाहींत. आणि गणिताच्या ग्रंथांत ती सरसकट पाळली तर जो भेद राखण्यासाठीं हीं चिन्हें निर्मिलीं तोच नाहींसा होईल. शिवाय, लिहिण्याच्या ज्या जागांवर साधा ठळक शब्द उमटविण्याचीही सोय नसते, तेथें लोकांनीं आडवाट धरली तर निम्मा दोष त्या जागांच्या मालकांचा आहे, हेंही नमूद केलें पाहिजे.

या गणिती संचांत रोमन व ग्रीक अक्षरें आणि अंक आहेत, देवनागरी नाहीं. म्हणून मराठीस ही बाधा थेट होत नाहीं. परंतु याच जातीचें दुखणें आपण एकदां भोगलें आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं छपाईच्या कामीं जे मराठी फॉन्ट चालत, त्यांपैकीं पुष्कळांत रोमन अक्षरांच्या अंकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. वरून मराठी दिसे, पोटांत रोमन असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली कीं, मजकुराच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरांचा सडा पडलेला दिसे. उलट, मोडींतला शब्द बाळबोधींत उतरविला तरी शब्द तोच राहतो. वेष बदलतो, ओळख बदलत नाहीं.

अलंकाराची कसोटी हीच. तो उतरविला तरी खालीं माणूस तोच सांपडला पाहिजे. हौस आहे तर सुंदर अक्षरांचें चित्र करावें आणि त्याखालीं तोच मजकूर साध्या अक्षरांत लिहावा. डोळ्यांस शोभा मिळते, कानांस अर्थ मिळतो. आमच्या स्नेह्यांच्या भाचीनें नुकतेंच बारशाचें निमंत्रण याच रीतीनें धाडलें, आणि तें त्यांनीं आम्हांस फोनवर, नांवानिशीं, न अडखळतां सांगितलें.