जुने भाडेकरू, नवी इमारत

नाटकाचं परीक्षण लिहिणारे आहेत, सिनेमाचं लिहिणारे आहेत, गाण्याच्या मैफलीचं तर न ऐकता लिहिणारेही आहेत. पण ज्या ऑपरेटिंग सिस्टिमपुढे माणसं रोज आठ-आठ तास बसतात, तिचं रीतसर परीक्षण आपल्याकडे कोणी करत नाही. तो मान मी स्वतःकडे घेतो आहे. माझी पात्रता एवढीच, की मी सिस्टिम लिहिणारा नव्हे, सोसणारा आहे. टीकाकाराला याहून अधिक पात्रता लागते असं निदान साहित्यात तरी दिसलेलं नाही.

नवी सिस्टिम आली की जाणकार मंडळी तिचा रंग पाहतात, वेग मोजतात, खिडक्यांचे कोपरे गोल केले की चौकोनी ठेवले यावर हिरिरीने बोलतात. मी एकच पाहतो : ही बया जुन्या मंडळींना कशी वागवते? वाडा पाडून इमारत उभी राहते तेव्हा खरा प्रश्न लिफ्टचा नसतो, जुन्या भाडेकरूंचा असतो. सिस्टिम म्हणजे वाडा आणि सॉफ्टवेअरं म्हणजे त्यातले भाडेकरू. जिन्याची कुठली पायरी हलते आणि कुठल्या नळाला पहाटे पाणी येतं, हे त्यांना तोंडपाठ. नव्या इमारतीत ती हलणारी पायरीच नाहीशी झाली की बिचारे धडपडतात.

या बाबतीत विंडोजसारखा सोशिक मालक मिळणं कठीण. 'सिमसिटी' नावाचा शहर वसवायचा एक खेळ होता. त्याला एक खोड होती. मेमरीतली जागा 'सोडली' म्हणून कळवायचं आणि लगेच तिथलंच वाचायला जायचं. म्हणजे खोली खाली केल्याची पावती द्यायची आणि संध्याकाळी येऊन पुन्हा तिथेच पथारी पसरायची! डॉसच्या राज्यात हे खपून जाई, कारण त्या खोलीत दुसरं कोणी येतच नसे. १९९५ साली विंडोज ९५ आलं, तिथे हे खपण्यासारखं नव्हतं. दोष सरळसरळ खेळाचा. पण जोएल स्पोल्स्की या प्रोग्रामरने लिहून ठेवलेल्या हकीकतीप्रमाणे, मालकानेच पड खाल्ली. चालू आहे तो सिमसिटी आहे का हे ओळखायचं, आणि असेल तर त्याने सोडलेली खोली लगेच दुसऱ्याला द्यायची नाही, अशी तजवीज सिस्टिममध्येच करून ठेवली.

या सोशिकपणातून काही मौजाही झाल्या आहेत. चौसष्ट बिटी विंडोजमध्ये 'सिस्टिम३२' नावाचा फोल्डर आहे. त्यात माल चौसष्ट बिटी. बत्तीस बिटी माल कुठे? तर 'सिसवॉव६४' नावाच्या फोल्डरात! पाटी देशपांड्यांची आणि बेल वाजवली की दार उघडणार कुलकर्णी. कारण असं, की असंख्य प्रोग्रामांनी 'सिस्टिम३२' हा पत्ता पोटात कोरून ठेवला होता. तेव्हा पत्ता न बदलता बिऱ्हाडच बदललं.

त्याच घराण्यातल्या एक्सेलला २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख घालून पाहा. निमूट मान्य करील. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, हे एक्सेल लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. चूक मूळची १९८३च्या 'लोटस १-२-३'ची. तिथले हिशेब इथे तंतोतंत जुळावेत म्हणून चूकसुद्धा दत्तक घेतली. लोटस गेलं, न उगवलेला तो दिवस अजून नांदतो आहे.

ॲपलचा खाक्या वेगळा. हा बिल्डर नोटीस देतो, तात्पुरती पर्यायी जागाही देतो आणि मुदत संपली की सामान रस्त्यावर. २००६ साली ॲपलने पॉवरपीसी सोडून इंटेलची चिप घेतली तेव्हा 'रोझेटा' नावाचा दुभाषा ठेवला, म्हणजे जुन्या प्रोग्रामांचं बोलणं नव्या चिपला कळावं. २०११ साली दुभाष्याला निरोप दिला. २०१९च्या 'कॅटालिना'त सगळे बत्तीस बिटी प्रोग्राम एका रात्रीत बेघर झाले. इमारत स्वच्छ, सुंदर, हवेशीर! फक्त तुमचे शेजारी कुठे गेले ते विचारायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुमचा कौल विंडोजला. थांबा. प्रत्येक जुन्याला सांभाळायचं म्हणजे मागचं दारही उघडं ठेवायचं. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरचे संगणक ओलीस धरले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतली कामं अडवली. तो शिरला तो एसएमबी नावाच्या फाइल-वाटपाच्या व्यवस्थेच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीतून. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती हे खरं. पण जुन्या यंत्रांची गैरसोय नको म्हणून ते दार इतकी वर्षं ठेवलं होतं, हेही खरं. प्रेमळ म्हातारा दाराला कडी लावत नाही, हा काही त्याचा गुण म्हणता येणार नाही.

शिवाय विंडोजचा सोशिकपणाही आता ओसरू लागला आहे. ५ ऑक्टोबर २०२१ला आलेलं विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटी आहे. त्यात सोळा बिटी प्रोग्राम मुळी चालतच नाहीत. त्याला 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून धडधाकट संगणकही त्याच्या दारातून परत फिरतात. आणि विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

राहता राहिला 'कम्पॅटिबिलिटी मोड'. कल्पना नामी आहे. जुन्या प्रोग्रामने विचारलं, "हे कुठलं साल?" की सिस्टिमने ठोकून द्यायचं, "एक्सपीचंच चाललंय, बाबा, तू झोप." घरातल्या आजोबांशी आपण असंच बोलतो. पण प्रयोग फारसा रंगत नाही. समस्या सोडवणारा शहाणा काहीतरी फिरवतो आणि आपल्यालाच विचारतो, "सुटली का समस्या?" नाही म्हटलं तर आणखी दोन प्रश्न. असा डॉक्टर आमच्या गल्लीत आठवडाभरही टिकला नसता.

हा सारा विनोद मराठी माणसाच्या दाराशी आला की कडू होतो. युनिकोड १९९१ साली आलं आणि विंडोज २०००पासून सिस्टिमलाच देवनागरी कळू लागली. त्याआधी आपल्या छापखान्यांनी स्वतःची सोय केली होती : इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले फॉन्ट. पुढेही कितीतरी वर्षं तेच चाललं, कारण पान लावायला पेजमेकर होतं. त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ची, आणि तिला युनिकोड येत नाही. अनेक पॅकेजांबरोबर संगणकाच्या पाठीला लावायचं एक कुलूपही येई. नव्या संगणकांना ते लावायला भोकच नाही.

आमच्या एका छापखानेवाल्या स्नेह्यांकडे पंचवीस वर्षांचे दिवाळी अंक असे पडून आहेत. फाइल नव्या संगणकावर उघडली, तर कथेच्या जागी कंस, टक्के, डॉलर आणि डोक्यावर दोन टिंबं घेतलेली फिरंगी अक्षरं. त्यांचा भाचा म्हणाला, "मामा, हे लेगसी आहे. सोडून द्या." मामा म्हणाले, "लेगसी म्हणजे वारसाच ना रे?" भाचा गप्प. कोपऱ्यात टॉवेल पांघरलेला एक्सपीवाला संगणक अजून आहे. त्याला इंटरनेट दाखवत नाहीत. त्याची हार्ड डिस्क घरघरली की मामांचा जीव खाली-वर होतो.

तेव्हा परीक्षकाचा निकाल असा. विंडोजच्या माणुसकीला पूर्ण गुण, शिस्तीला कमी. ॲपलच्या शिस्तीला पूर्ण गुण, माणुसकीला तुम्हीच काय ते द्या. पण कुठल्याही मालकाच्या दयेवर मजकूर ठेवू नये. प्रोग्राम हा भाडेकरू. तो आज ना उद्या जाणार. मजकूर घरचा. फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत. जोडाक्षरं आणि रफार थोडे घसरतात, ते मुद्रितशोधकाने जागेवर बसवायचे. काम कंटाळवाणं आहे, त्यात कसलीही कीर्ती नाही. पण टॉवेलाखालचा तो म्हातारा अजून बोलतो आहे, तोवरच ते उरकायला हवं.