प्रार्थना की साक्ष?

युद्धात मेलेल्यांचे दुःख संगीतात आले की ते मधुर होते. मधुर झाले की श्रोता डोळे पुसतो आणि घरी जातो. ज्यांनी मरायला पाठवले त्यांचा हिशेब तसाच राहतो. दुःखाला असे सुंदर करून टाकण्याची विद्या आपल्याकडच्या सौंदर्यवाद्यांनाही चांगली अवगत आहे. म्हणून बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराची ‘वॉर रेक्विएम’ ही रचना आपण तपासून पाहिली पाहिजे.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल उद्ध्वस्त झाले. शेजारी नवे उभे राहिले आणि त्याच्या उद्घाटनानिमित्त ३० मे १९६२ रोजी ही रचना प्रथम सादर झाली. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात शस्त्र घेण्यास नकार दिला होता. त्याने मृतांसाठीची चर्चची लॅटिन प्रार्थना घेतली आणि तिच्यात विल्फ्रेड ओवेनच्या नऊ कविता घुसवल्या. ओवेन हा सैनिक-कवी. पहिल्या महायुद्धात, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धबंदीच्या एक आठवडा आधी तो मारला गेला. वय २५.

लॅटिन प्रार्थना ब्रिटनने प्रचंड गायकवृंदाकडे आणि मोठ्या वाद्यवृंदाकडे दिली. ओवेनच्या कविता मात्र दोन पुरुष गायक आणि अवघे बारा वादक यांच्याकडे. चेंबर म्युझिकची ताकद इथेच असते. प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येते, शब्द गर्दीत बुडत नाही. आंबेडकरी जलशाचे बळही याच शब्दनिष्ठेत होते. धर्मसंस्थेचा आवाज आणि साक्षीदाराचा आवाज ब्रिटनने असा समोरासमोर उभा केला.

प्रार्थनेत अब्राहामाच्या वंशाला दिलेल्या वचनाचा उल्लेख येतो आणि लगेच ओवेनची कविता सुरू होते. बायबलमध्ये देवदूत अब्राहामाचा हात थांबवतो, मुलगा वाचतो. ओवेनचा म्हातारा ऐकत नाही. तो मुलाला मारतो आणि पाठोपाठ युरोपातली निम्मी तरुण पिढी. त्याच वेळी लहान मुलांचा वृंद अर्पणाची प्रार्थना शांतपणे गात राहतो! धर्मकथा उलटी करून धर्मालाच जाब विचारण्याची ही रीत शंबूक आणि एकलव्य नव्याने वाचणाऱ्यांना परकी वाटणार नाही.

पण शेवटी काय होते? मारणारा आणि मारला गेलेला असे दोन सैनिक मृत्यूच्या पलीकडे भेटतात. तिथे रचनेतले सगळे आवाज प्रथमच एकत्र येतात आणि बारा वादकांचे वेगळेपण महाप्रार्थनेत विरते. घंटांचे विसंवादी स्वर टोचत राहतात हे खरे. तरी अखेरचे ‘आमेन’ शांत मेळात मिटते. दोन सैनिकांनी समेट करावा, ते त्यांच्या अधिकारातले आहे. पण त्यांना पाठवणाऱ्यांना या शांततेत क्षमा कोणी केली?

दुसरा प्रश्न अधिक आपला आहे. या भेटीला कोण आले होते? इंग्रज, जर्मन आणि रशियन असे तीन मुख्य गायक ब्रिटनला हवे होते (सोव्हिएत सरकारने पहिल्या प्रयोगासाठी रशियन गायिकेला येऊ दिले नाही). समेट युरोपातल्या युरोपातच झाला. ओवेनच्याच युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी गेली. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे आली. साध्या हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या. ही विषमता राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये मान्य केली. १९१७ मध्ये उभारलेली १११वी महार पलटण तर १९२१ मध्ये मोडूनही टाकली गेली.

कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी बांधला. पण त्यावर नावे कोरली होती. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि ती नावे आपल्या इतिहासाचा भाग झाली. संख्येपुढे फक्त मान झुकवता येते. नावापुढे उभे राहून प्रश्न विचारता येतो.

ब्रिटनने बारा वादकांना प्रश्न विचारू दिला, हे त्याचे मोठेपण. उत्तर मात्र त्याने पुन्हा प्रार्थनेवर सोपवले. उद्या आपल्यापैकी कोणी युद्धाच्या स्मरणाची रचना करील, तेव्हा वाद्ये मोजकी घ्यावीत, नावे स्पष्ट उच्चारावीत आणि शेवटचा स्वर मिटवण्याची घाई करू नये.