हलते आलेख, मुका पाऊस

परभणीच्या पावसाची दैनिक कालमालिका आलेखकाराची परीक्षा घेते. वर्षाचे आठ महिने जवळपास शून्य. उरलेल्या चारांत कधी नुसती भुरभुर, तर कधी चोवीस तासांत 65 मिलिमीटरची अतिवृष्टीची रेघ ओलांडणारा पाऊस. हे सगळे एकाच रकान्यात. अशा मालिकेचा इंटरॅक्टिव्ह आलेख ‘आर’ भाषेत आता चार ओळींत होतो, आणि बहुधा म्हणूनच तो चार ओळींइतकाच विचार करून केला जातो. माउस नेला की आकडा उमटतो, ओढले की काळ ताणला जातो, रंगीत रेषा लपतात नि दिसतात. पेरणीजोगा पाऊस कधी झाला, हे मात्र कळत नाही.

साधनांचा इतिहास परिचित आहे. 2015 च्या सुमारास रामनाथ वैद्यनाथन आणि सहकाऱ्यांच्या ‘एचटीएमएल विजेट्स’ने जावास्क्रिप्टच्या आलेख-लायब्ररी आरमध्ये आणल्या आणि पॅकेजांची रीघ लागली. ‘गूगलविस’चे सरकते बुडबुडे 2020 अखेर फ्लॅशबरोबर संपले, त्यांचा शोक करण्याचे कारण नाही. ‘हायचार्टर’ देखणे आहे, पण त्यामागचे हायचार्ट्स व्यावसायिक वापरासाठी परवाना मागते. ‘प्लॉटली’ सगळेच करते आणि तेच त्याचे दुखणे आहे: ‘जीजीप्लॉट’चा स्थिर आलेख एका फंक्शनने हलता होतो, म्हणून जो तो हलवत सुटतो. काट्यांच्या गोल डायलांनी भरलेले डॅशबोर्ड समीक्षेच्या कक्षेबाहेरचे.

‘डायग्राफ्स’ या सगळ्यांत वेगळे पडते, कारण त्याला एकच गोष्ट येते. गूगलमध्ये असताना डॅन व्हॅन्डरकॅम यांनी लिहिलेली ही लायब्ररी 2009 मध्ये खुली झाली; आरमधले तिचे रूप ‘एक्सटीएस’ मालिका थेट स्वीकारते. आलेखाखालच्या पट्टीत संपूर्ण मालिका आणि वर निवडलेला कालखंड, ही तिची रचना पावसासाठीच केल्यासारखी आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाची पाव अंशाच्या चौकटींतली दैनिक पर्जन्यनोंद 1901 पासूनची आहे. एवढी लांब मालिका एका नजरेत ठेवून एखादाच हंगाम उघडायचा, तर दुसरा मार्ग नाही.

त्याहून मोलाची सोय म्हणजे एका गटात बांधलेले आलेख. वर परभणीचा पाऊस, खाली येलदरीचा साठा ठेवला आणि एकात काळ सरकवला की दुसराही सरकतो. मग दिसते, की शहरात कोरडे असतानाही जिंतूर तालुक्यातले हे धरण चढते, कारण पूर्णेचे पाणी बुलडाणा-जालन्याकडून येते. आकड्यांच्या तक्त्यात हा संबंध सापडायला वेळ लागतो. इथे तो बोटाखाली येतो.

तरीही या पॅकेजातल्या खऱ्या कामाच्या गोष्टी क्वचितच वापरल्या जातात. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला दर जूनमध्ये दिला जातो. म्हणजे इथला प्रश्न रोजच्या पावसाचा नसून 1 जूनपासूनच्या बेरजेचा आहे. आरमध्ये वर्षवार बेरीज-मालिका करायला एक ओळ पुरते, 75 आणि 100 वर आडव्या मर्यादारेषा टाकायला आणखी दोन. पार्श्वभूमीच्या छटा मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशा पाडता येतात. परभणीचा शेतकरी पाऊस नक्षत्रांनी मोजतो. जून-जुलैच्या खुणा त्याच्या हिशेबात दुय्यम. वर्षांची तुलना करताना मात्र डायग्राफ्सही अडते. त्याचा अक्ष खऱ्या तारखांचा असल्याने सगळे हंगाम एकाच काल्पनिक वर्षावर आणून एकमेकांवर ठेवावे लागतात. हा खटाटोप कोणी करत नाही, आणि ‘यंदाचा पाऊस गेल्या दुष्काळासारखा आहे का’ हा सर्वांत साधा प्रश्न अनुत्तरित राहतो.

उलट, घातक सोयींचा वापर सर्रास होतो. सरासरीची चौकट ही त्यांतली पहिली. एका दिवशी 140 मिलिमीटर पडले आणि पुढे उघडीप राहिली, तर सात दिवसांची सरासरी रोज 20 मिलिमीटरची सुखद रिपरिप दाखवते. वाहून गेलेल्या जमिनीचा मागमूस नाही. दुसरी गोष्ट उभ्या अक्षाची. काळ आवळला की डायग्राफ्स उभा अक्ष आपोआप ताणते, आणि कोरड्या जूनमधले चार मिलिमीटर ढगफुटीएवढे उंच होतात. प्लॉटलीच्या पट्टीत नेमके उलट: उभा अक्ष जागचा हलत नाही आणि रेषा तळाशी चिकटते. डायग्राफ्समध्ये अक्षाची मर्यादा बांधून देता येते, पण बांधतो कोण?

तिसरी गोष्ट तर अक्षम्य आहे. पर्जन्यमापकाची नोंद नसणे आणि पाऊस नसणे यांत फरक आहे. नोंद नसलेल्या दिवशी ‘एनए’ ठेवले तर डायग्राफ्स रेषा तोडते, जे योग्य आहे. पण तो दिवस मालिकेतच नसेल, तर अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू सरळ जोडला जातो. आधी पूर्ण तारखांची मालिका करून तिच्याशी आकडे जुळवणे हा उपाय पहिल्या धड्यातला. तो टाळून कोणी रिकाम्या जागी शून्य भरले, तर खंड नसलेल्या ठिकाणी पावसाचा खंड उभा राहतो. महसूल मंडळाच्या आकड्यांवर पीकविम्याचे आणि मदतीचे निर्णय होतात त्या प्रदेशात ही तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही.

या सगळ्यावर नेहमीचा बचाव असा: आलेख वाचकाच्या हाती दिला आहे, हवे ते त्याने शोधावे. हे औदार्य फसवे आहे. बहुतेक वाचक उघडल्यावर जे दिसते तेवढेच पाहतात. तेव्हा सुरुवातीचा कालखंड, अक्षाची मर्यादा आणि तुलनेची वर्षे ठरवणे हे कर्त्याचेच काम आहे. ठरवायचे नाही, म्हणून पट्टी द्यायची, ही जबाबदारीतून काढलेली पळवाट झाली. शिवाय मालिकेत जे नाहीच, ते कितीही ओढले तरी सापडत नाही. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत हे तालुकेही परभणीतून गेले. जिल्ह्याच्या कापसाच्या क्षेत्राची मालिका त्या ठिकाणी कोसळते, आणि पट्टी मागेपुढे सरकवणारा वाचक बोंडअळी, दुष्काळ, भाव अशी कारणे शोधत बसतो. विभाजनाच्या तारखेवर उभी रेघ आखायला डायग्राफ्समध्ये एकच फंक्शन लागते: तारीख, मजकूर, आणि मजकूर वर लिहायचा की खाली.