उपमेतून सुटलेली दोन टोके

नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले. कात्रजच्या वर्गात प्रकाशतंतू शिकवताना 'पाण्याला नळ तसा प्रकाशाला तंतू' ही उपमा त्यामुळे सहज सुचते. पूर्ण आंतरिक परावर्तनाची आकृती काढली की पाठ संपतो. या पद्धतीवर आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला असा, की तलावातले पाणी हौदात पाणी म्हणूनच पोहोचते. संगणकातून मात्र विजेचे संकेत निघतात. लेझर त्यांचे प्रकाशात रूपांतर करतो आणि पलीकडचा प्रकाशसंवेदी डायोड त्यांची पुन्हा वीज करतो. ही दोन्ही कामे करणारी बोटभर लांबीची डबी म्हणजे ट्रान्सीव्हर. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेनांचे संकेतही असेच प्रकाशरूपाने मध्यवर्ती इमारतीत येतात.

दुसरा आक्षेप वेगाबद्दल. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. तांब्याच्या तारेतला संकेतही फार मागे नसतो. फरक पडतो तो सेकंदाला किती संकेत पाठवता येतात आणि ते किती दूरवर शाबूत पोहोचतात यामुळे. डेटा सेंटरमधील 400 गिगाबिटचे ट्रान्सीव्हर प्रकाशाच्या चार पातळ्या वापरून एका स्पंदात दोन बिट पाठवतात.

उपमा जरूर वापरावी. पण नंतर एका मुलाला बॅटरीची उघडझाप करून निरोप पाठवायला सांगावे आणि दुसऱ्याला तो वहीत उतरवायला. निरोपाला लागणारा वेळ प्रकाशामुळे नव्हे, तर हात आणि डोळा यांमुळे ठरतो, हे मुलांना आपोआप कळेल.