हाताला कळणारा खेळ

१९६२ साली एमआयटीत पीडीपी-१ संगणकावर 'स्पेसवॉर!' हा खेळ तयार झाला, तेव्हा तो संगणकाच्या पॅनेलवरचे खटके दाबून खेळावा लागे. खेळणाऱ्यांची कोपरं दुखू लागली म्हणून ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी हाती लागलेल्या भागांतून वेगळ्या पेट्या जुळवल्या. एका खेळाची अडचण सोडवायला केलेली ती हातकारागिरी होती. पुढे धंदा वाढला आणि सगळ्या खेळांना कंट्रोलरचा एकच साचा मिळाला. पळणं, पोहणं, तलवार चालवणं, दार उघडणं, सगळं अंगठ्याच्याच वाट्याला आलं.

हा साचा नाकारणाऱ्यांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये २०१४ पासून 'ऑल्ट.कंट्रोल.जीडीसी' हे प्रदर्शन भरू लागलं. अशी कामं आता पुष्कळ होतात, पण त्यातली बरीचशी चमत्कृतीपाशीच थांबतात, असं माझं मत आहे.

त्याला काही अंशी साधनं सोपी झाल्याचंही कारण आहे. २०१२ साली आलेल्या 'मेकी मेकी' या छोट्या बोर्डाला केळं जोडा, संगणक त्याला कीबोर्डची कळ समजतो. लहान मुलांना वीजमंडल समजावण्यासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही. खेळाच्या रचनेत मात्र ते केळं स्पेसबारच राहतं. त्याचा मऊपणा, त्याचं वजन, ते पिचण्याची भीती, यातलं काहीच नियमात उतरत नाही. स्पर्श झाला की नाही, एवढंच खेळाला कळतं.

याच्या अगदी उलट टोकाला रॉबिन बॉमगार्टनचा 'लाइन वॉबलर' आहे. पडदा नाही, कित्येक मीटर लांब एलईडीची पट्टी आणि दाराच्या मागे लावतात तसली एक स्प्रिंग. स्प्रिंग वाकवली की हिरवा ठिपका पुढे-मागे सरकतो, सोडून थरथरवली की वाटेतला लाल शत्रू मरतो. सेन्सर बसवलेला असतो स्प्रिंगवरच, त्यामुळे ती किती वाकली आणि कशी थरथरली हे दोन्ही खेळाला कळतं. पण खरं कौशल्य तंत्रात नाही, निवडीत आहे. वाकवलेली स्प्रिंग सोडल्यावर थरथरणारच. बॉमगार्टनने तिच्या याच स्वभावातून हल्ला घडवला. तीच स्प्रिंग काढून दोन बटणं लावा, तर मागे उरतील फक्त सरकणारे ठिपके. कंट्रोलर रचण्याच्या या कलेतल्या कुठल्याही कामाला मी हीच कसोटी लावते.

डग्लस विल्सनचा 'योहान सेबास्टियन जाउस्ट' या कसोटीला सहज उतरतो. इथेही पडदा नाही. प्रत्येकाच्या हातात हालचाल ओळखणारा मूव्ह कंट्रोलर, मागे बाखचं संगीत. संगीत संथ असताना हात जरा जास्त हलला की खेळाडू बाद. लय वाढली की मोकळीक वाढते. दुसऱ्याचा हात हलवायचा आणि आपला स्थिर ठेवायचा, एवढ्या नियमावर माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून खेळतात.

मोठ्या कंपन्यांनी धाडस केलंच नाही असं नाही. कॅपकॉमच्या २००२ च्या 'स्टील बटालियन'ला सुमारे ४० बटणांचा आणि तीन पेडलांचा अवाढव्य कंट्रोलर होता. झाकणाखालचं इजेक्ट बटण वेळेत दाबलं नाही, तर खेळातला चालक मरे आणि साठवलेली प्रगतीही पुसली जाई. झाकण उघडताना बोटांना धाक वाटावा, अशी ती योजना होती. 'गिटार हिरो'ची लाट मोठी होती, पण २०११ पर्यंत ती ओसरली आणि घरोघरी प्लॅस्टिकच्या गिटारी पडून राहिल्या. एकाच खेळासाठी घडवलेल्या वस्तूचा हा धोका खराच आहे, आणि म्हणूनच असं काम आज बाजारापेक्षा प्रदर्शनात अधिक दिसतं.

एका दिशेने मात्र ते घराघरांत पोहोचलं. मायक्रोसॉफ्टच्या २०१८ च्या 'ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर'मध्ये दोन मोठी बटणं आणि मागे १९ जॅक आहेत; पायाने, हनुवटीने, कोपराने दाबायचे स्विच त्यांना जोडता येतात. ज्यांना नेहमीचा कंट्रोलर हातात धरताच येत नाही, त्यांच्यासाठी हा पर्याय नव्हे, खेळात शिरण्याचं दार आहे. विशिष्ट शरीराचा विचार करून कंट्रोलर रचणं, हे या कलेचं सर्वांत मोलाचं आणि सर्वांत कमी चर्चिलेलं अंग आहे.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर लागणारे सगळे भाग मिळतात. सुरुवात करणाऱ्यांनी एकच सेन्सर घ्यावा, आधी त्या वस्तूचा स्वभाव हाताने ओळखावा आणि खेळाचा नियम त्यातूनच काढावा. खेळ आधी लिहून नंतर त्याला विचित्र वस्तू जोडू नये.